सुमंगलाची यादी आणि मुत्तेची यादी

दलित स्त्रियांची आत्मकथने म्हणजे आधुनिक काळातील थेरीगाथा होत, असे विधान आपल्या सभांतून आणि लेखांतून अधूनमधून ऐकावयास मिळते. विधान गौरवाचे आहे आणि ते करणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तथापि गौरव झाला की तुलना पूर्ण झाली, असे आपण समजून चालतो. दोन साहित्यकृतींमध्ये साम्य आहे असे म्हणताना ते साम्य नेमके कोठे आहे, कोठपर्यंत आहे आणि कोठे संपते, हे तपासले नाही तर दोन्ही कृतींवर अन्याय होतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, ज्या दैनंदिन जीवनातून या दोन्ही कृती जन्मास आल्या त्या जीवनाकडे पाहण्याचे आपण टाळतो. प्रस्तुत लेखात ही तुलना घरातील आणि शेतातील अवजारांपासून आरंभ करून पाहावयाची आहे.

खुद्दकनिकायातील थेरगाथा आणि थेरीगाथा हे दोन ग्रंथ एकमेकांचे सोबती आहेत. पहिल्यात भिक्खूंचे उद्गार आहेत, दुसऱ्यात भिक्खुनींचे. थेरीगाथेच्या ७३ प्रकरणांत पाचशेहून अधिक गाथा आहेत. राजकन्या, श्रेष्ठींच्या कन्या, गणिका, दासी, विधवा, पुत्रशोकाने वेड्या झालेल्या माता अशा नाना थरांतील स्त्रिया तेथे स्वतःच्या मुक्तीविषयी बोलतात. या दोन ग्रंथांत दोन लहानशा गाथा अशा आहेत की, त्या शेजारी शेजारी ठेवल्यावाचून त्यांचा पूर्ण अर्थ उमगत नाही. एक सुमंगल थेराची आणि दुसरी मुत्ता थेरीची.

सुमंगल आपल्या वाचकांना परका नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी हीनदीनांच्या धम्मदीक्षेचे जे प्रकरण लिहिले आहे त्यात उपाली नापित, सुनीत झाडूवाला, सोपाक यांच्याबरोबर श्रावस्तीचा हा शेतकरीही येतो. विळा, नांगर आणि कुदळ यांवर तो पोट भरीत असे. थेरगाथेत तो आनंदाने सांगतो की, तीन वाकड्या वस्तूंपासून आपण सुटलो. त्या तीन वस्तू म्हणजे विळे, नांगर आणि कुदळी. मुत्ता थेरीही नेमका हाच पालि शब्द वापरून सांगते की, तीन 'खुज्ज' गोष्टींतून आपण मुक्त झालो. परंतु तिची यादी निराळी आहे. उखळ, मुसळ आणि पती.

दोघांचा शब्द एक, गणती एक आणि आनंदही एकच. मात्र पुरुषाच्या यादीत तीन अवजारे आहेत, तर स्त्रीच्या यादीत दोन अवजारे आणि एक माणूस आहे. सुमंगल ज्या श्रमातून सुटला तो श्रम त्याला शेतात वाकवीत होता. संध्याकाळी विळा-कुदळ कोपऱ्यात टाकून तो घरी येत असेल, तेव्हा तेवढ्यापुरता तरी तो सरळ उभा राहत असेल. मुत्तेची तिसरी वस्तू मात्र कोपऱ्यात ठेवता येण्यासारखी नव्हती. ती घराची धनी होती.

या ठिकाणी आचार्य धम्मपाल यांच्या अट्ठकथेकडे लक्ष देणे आवश्यक आहे. उखळ आणि मुसळ यांना 'खुज्ज', म्हणजे वाकडे वा कुबडे, का म्हटले, याचे स्पष्टीकरण देताना अट्ठकथाकार फार मार्मिक गोष्ट सांगतात. धान्य घालताना, परतताना आणि कांडताना पाठ वाकवावी लागते. ही दोन साधने कुबड आणणारी आहेत, म्हणून त्यांना तो शब्द लावला. श्रमाचे हे निरीक्षण करणारी दृष्टी सहृदय आहे, यात संदेह नाही. परंतु लगेच पुढे, पतीच्या बाबतीत, ते आपली कसोटी बदलतात. मुत्तेचा पती शरीरानेच कुबडा होता, असे सांगून ते मोकळे होतात. गरीब ब्राह्मणाची मुलगी, कुबड्या ब्राह्मणाला दिलेली, अशी तिची कथा मग तयार होते.

प्रश्न असा की, पहिल्या दोन वस्तूंना जो नियम लावला तो तिसरीला का लावू नये? जे वाकवते ते वाकडे, हा अर्थ उखळाला शोभतो, मुसळाला शोभतो, तर पतीलाही शोभावयास हरकत नसावी. पतीची पाठ कशी होती हे मुत्तेला सांगावयाचे नसून आपली पाठ कोणी वाकवली हे सांगावयाचे आहे, असे मानले तर गाथेतील तिन्ही पदे एका सूत्रात बसतात. शरीराने वाकलेल्या एखाद्या माणसाचा उपहासही मग तिच्या माथी येत नाही. अट्ठकथेविषयी पूर्ण आदर ठेवूनही असे म्हणावे लागेल की, येथे भाष्याने मूळ उद्गाराची धार कमी केली. समाजव्यवस्थेतील दोषाला एका व्यक्तीच्या शारीरिक व्यंगाचे रूप दिले.

ही गोष्ट पंधरा शतकांपूर्वीच्या भाष्यकाराची म्हणून सोडून देता आली असती. परंतु आपल्या स्वतःच्या समीक्षेने काय केले? दलित आत्मकथनांचा ओघ सुरू झाला तो १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आल्यानंतर. त्यापाठोपाठ प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी', शंकरराव खरातांचे 'तराळ अंतराळ', शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' आले. याच काळात कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' १९८१ साली आले. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकातून आणि नंतर १९८६ साली ग्रंथरूपाने आले. शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' त्याच वर्षी आले. ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३ साली आले. या सर्व लेखनाला आपण एकच मापदंड लावला: वेदना, विद्रोह आणि नकार. हा मापदंड खोटा नाही. परंतु तो सुमंगलाच्या यादीवरून बेतलेला आहे. गावकीचे काम, मेलेली जनावरे ओढणे, येसकरकी, जोहार, पाणवठ्यावरची बंदी यांची वेदना त्याला चटकन मोजता येते. मुत्तेची तिसरी वस्तू समोर आली की मात्र तो अडखळतो. मग आपण म्हणतो, तो अमुक लेखिकेच्या संसाराचा खासगी भाग आहे. धम्मपालांनी कुबड एका पतीच्या पाठीवर ठेवले, आपण ते एका लेखिकेच्या नशिबावर ठेवतो.

'जिणं आमुचं' पुन्हा वाचावे. बेबीताईंनी वीरगावच्या महारवाड्याचे जे चित्र रेखाटले आहे त्यात गावापुढे वाकणारी स्त्री आहे आणि घरात वाकणारी स्त्रीही आहे. पहाटेच्या अंधारात जात्यावर बसवलेली कोवळ्या वयाची सून, तिच्या भाकरीतील दोष साऱ्या आळीला दाखविणारी सासू, पळून जाऊ नये म्हणून सुनेच्या पायात अडकविलेले लाकडाचे ओंडके हे सारे त्यांनी लपविले नाही. ज्यांना साऱ्यांनी गुलाम केले त्यांना हुकूम गाजवावयास घरातील सून तेवढी उरली होती, अशी त्यांची मीमांसा आहे. या मीमांसेचे मोल ओळखले पाहिजे. दुःखाचे वर्णन करून त्या थांबत नाहीत, दुःखाचे कारण दाखवितात. आणि ते कारण याच जन्मात, याच समाजरचनेत दाखवितात.

येथे थेरीगाथा आणि आत्मकथन यांतील पहिला मोठा भेद दृष्टीस पडतो. थेरीगाथेतील इसिदासी ही बेबीताईंच्या सुनांची जुनी बहीण म्हणता येईल. पहाटे उठावे, सासू-सासऱ्यांना वंदन करावे, भात रांधावा, भांडी घासावीत, एकुलत्या मुलाची आईने करावी तशी पतीची सेवा करावी, आणि तरीही पतीने तिचा तिटकारा करावा. एकामागून एक तीन वेळा तिचा विवाह झाला. सासर-घराच्या कामाचे इतके तपशीलवार चित्र प्राचीन वाङ्मयात क्वचितच आढळेल. परंतु असे का घडले, याचे उत्तर देताना इसिदासी पूर्वजन्मीच्या दुष्कर्माकडे वळते. कोणे एके काळी सोनार असताना केलेल्या व्यभिचाराचे फळ जन्मोजन्मी भोगले, असे ती सांगते.

आंबेडकरी वाचकाला हे उत्तर जसेच्या तसे स्वीकारता येत नाही, आणि ते दडवूनही ठेवता कामा नये. गतजन्मीच्या कर्माने या जन्मीची विषमता ठरते असे मानले तर गरिबाच्या आणि पीडिताच्या दुःखाची जबाबदारी समाजावरून उडून जाते, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये स्पष्टपणे बजावले आहे. बेबीताई, शांताबाई, ऊर्मिलाताई यांच्यापैकी कोणीही आपल्या वाट्याला आलेल्या जिण्याचा हिशेब पूर्वजन्माशी मांडीत नाही. कार्यकारणाचा शोध याच जगात घ्यावा, ही बुद्धाची शिकवण या कष्टकरी स्त्रियांनी इसिदासीच्या गाथेपेक्षाही अधिक काटेकोरपणे पाळली आहे, असे म्हटल्यास ते धाडसाचे होईल, परंतु चुकीचे होणार नाही.

अर्थात थेरीगाथेतच याहून निराळा स्वरही आहे. पुण्णिका ही अनाथपिंडिकाच्या घरची पाणी भरणारी दासी. थंडीच्या दिवसांतही मालकिणींच्या दंडाला आणि शिव्यांना भिऊन ती नदीत उतरते. तेथे पाप धुवून काढण्यासाठी कुडकुडत स्नान करणारा ब्राह्मण तिला भेटतो. पाणी तेच, थंडी तीच, भीती मात्र दोन प्रकारची. तिची भीती खऱ्या काठीची, त्याची भीती कल्पनेतल्या पापाची. ती त्याला विचारते की, स्नानाने शुद्धी होत असेल तर पाण्यातले बेडूक, कासव आणि साप सारेच स्वर्गाला जातील की नाही? हा युक्तिवाद तिने कोणा पंडितापाशी शिकलेला नाही. रोज पाणी भरणाऱ्या बाईला पाण्यात काय काय राहते हे ठाऊक असते. तिचे तर्कशास्त्र तिच्या घागरीतून आलेले आहे. पुढे तो ब्राह्मण तिला वस्त्र देऊ करतो, तेव्हा ते नाकारून ती त्याला शरण आणि शील यांचा मार्ग दाखविते.

दैनंदिन श्रम आणि ज्ञान यांचा हा संबंध आत्मकथनांतही ठळक आहे. 'आयदान' हे नावच बांबूच्या विणकामावरून आले. ऊर्मिला पवार यांची आई पतीच्या निधनानंतर टोपल्या, सुपे विणून मुलांना वाढवीत होती. आईच्या विणण्याशी आपल्या लिहिण्याचे नाते लेखिकेने स्वतःच सांगितले आहे. पुण्णिकेची घागर आणि फणसवळ्याच्या त्या आईचे आयदान यांत साम्य आहे ते या ठिकाणी. साहित्य आणि जगणे यांच्यामध्ये येथे भिंत नाही.

आता दुसऱ्या भेदाकडे वळू. मुत्ता थेरीने तिन्ही वस्तू एकाच वेळी मागे टाकल्या. तिच्यासाठी संघाचे दार उघडे झाले होते. महाप्रजापती गौतमींच्या आग्रहाने भिक्खुनी संघ स्थापन झाला, त्यामुळे घराबाहेर पडलेल्या स्त्रीला उभे राहण्यास जागा मिळाली. घर सोडणे हाच तिच्या मुक्तीचा मार्ग होता. आमच्या लेखिकांपुढे हा मार्ग त्या रूपात नव्हता. त्यांनी धम्म स्वीकारला तो संसारात राहून. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर जो जनसागर जमला होता त्यात कडेवर मुले घेतलेल्या माता होत्या, म्हातारे आई-बाप होते, संपूर्ण कुटुंबे होती. बाबासाहेबांनी दीक्षा दिली ती घरादाराला. याचा अर्थ फार गंभीर आहे. जो धम्म घर सोडण्यास सांगत नाही, त्याने घरच सोडण्याजोगे राहणार नाही अशी व्यवस्था केली पाहिजे. थेरीगाथेने घरावर जी जबाबदारी टाकली नव्हती ती आपल्यावर आहे.

या जबाबदारीचे शास्त्र बौद्ध वाङ्मयात नाही, असे मुळीच नाही. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त ही गृहस्थाची आचारसंहिता होय. पतीने पत्नीचा सन्मान करावा, तिचा अवमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातील अधिकार तिच्या हाती सोपवावा, तिला अलंकार द्यावेत, अशी पाच कर्तव्ये तेथे सांगितली आहेत. अधिकार सोपविणे हा शब्द कोणत्याही काळाच्या मानाने लहान नाही. अर्थात घरकामाची नीट व्यवस्था हे त्याच सुत्तात पत्नीचे कर्तव्य मानले आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अंगुत्तरनिकायात त्याहून पुढे जाणारा प्रसंग आहे. नकुलपिता मरणोन्मुख आजारी असतो. आपल्यामागे मुलाबाळांचे काय होईल या चिंतेने त्याने मरू नये म्हणून नकुलमाता त्याला धीर देते. मला कापूस कातता येतो, लोकर विंचरता येते, मी घर चालवीन, मुले वाढवीन, शीलापासून ढळणार नाही, असे ती सांगते. नकुलपिता बरा होऊन काठी टेकीत तथागतांकडे जातो, तेव्हा तथागत त्याला म्हणतात की, असा उपदेश करणारी पत्नी लाभली हे तुझे भाग्य होय. स्वतः कातून घर चालवू शकणारी, संसारात राहिलेली स्त्री येथे पतीची उपदेशिका ठरली आहे.

बाबासाहेबांची भूमिका याच दिशेने गेलेली दिसते. डिसेंबर १९२७ मध्ये, मनुस्मृतीच्या दहनाच्या त्या परिषदेच्या वेळी, महाडला ते स्त्रियांशी वेगळे बोलले. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी सांगितले की, विवाहित स्त्रीने पतीची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी होण्याचे नाकारावे. १९५१ साली 'महाबोधी' या नियतकालिकात स्त्रीच्या अवनतीचा दोष बुद्धावर ठेवणाऱ्यांचे त्यांनी खंडन केले, आणि त्याच वर्षी हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर मंत्रिपदाचा त्याग केला. म्हणजे मुत्तेची तिसरी वस्तू त्यांच्या दृष्टीतून सुटली नव्हती.

मग प्रत्यक्ष आपल्या घरांत काय झाले? शांताबाई कांबळे यांचे पती स्वतः शिक्षक होते. तरी त्यांनी दुसरा विवाह केला आणि शांताबाईंना माहेरी जाऊन राहावे लागले. पुढे त्या स्वतः शिक्षिका झाल्या. ऊर्मिला पवार यांच्या पुढील शिक्षणाचा आणि सार्वजनिक कामाचा घरात जाच वाटू लागला, हे त्यांनी संयमाने, परंतु न लपविता लिहिले आहे. आणि बेबीताईंची हकिगत तर आपल्या समीक्षेने दारावर लिहून ठेवावी अशी आहे. 'जिणं आमुचं'ची वही त्यांनी सुमारे वीस वर्षे घरातल्यांपासून लपवून ठेवली. चळवळीतील जागृत स्त्री, बाबासाहेबांच्या विचाराने पेटलेली, आपल्या समाजाचा इतिहास लिहीत होती, आणि तो इतिहास तिला आपल्याच माणसांपासून दडवावा लागत होता.

येथे तुलनेतील सर्वांत वेदनादायक भेद समोर येतो. मुत्तेची गाथा संघाने मुखोद्गत केली. तिच्या तोंडून पतीविषयी निघालेला कठोर शब्दही पुसून न टाकता पिढ्यान्‌पिढ्या जतन केला, पुढे पिटकात स्थान दिले. पठण करणाऱ्यांत पुरुष होतेच. त्यांना त्या शब्दाचा कमीपणा वाटला नाही. दोन हजारांहून अधिक वर्षांनी मात्र एका उपासिकेची वही घरात लपून राहते. आत्मकथने ही आधुनिक थेरीगाथा होत असे म्हणताना, ती ऐकणारा संघ आपण आहोत काय, हा प्रश्न स्वतःला विचारावयास नको काय?

कोणी म्हणेल की आता दिवस बदलले. ते खरेही आहे. उखळ आणि मुसळ आपल्या घरांतून गेले. पिठाची गिरणी आली, मिक्सर आला, गावकीची कामे बाबासाहेबांच्या आदेशावरून आपल्या लोकांनी टाकून दिली. मुली शिकल्या, नोकरीस लागल्या, लिहू लागल्या. सुमंगलाच्या यादीतील बरेच काही आणि मुत्तेच्या यादीतील पहिल्या दोन वस्तू मागे पडल्या. परंतु यंत्राने मागे पडते ते अवजार. तिसऱ्या वस्तूसाठी यंत्र नाही. तेथे शील लागते. आणि शील म्हणजे केवळ पंचशीलाचे उच्चारण असते तर प्रश्न केव्हाच सुटला असता. नोकरीवरून आलेले पती-पत्नी एकाच वेळी उंबरठा ओलांडतात आणि त्यांतील एक जण खुर्चीकडे व दुसरी ओट्याकडे वळते, त्या दोन पावलांत शीलाची परीक्षा आहे.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांतून 'बुद्ध आणि त्याचा धम्म'चे वाचन चालते. सुमंगलाचे प्रकरण येते तेव्हा सभागृह भावविवश होते. ते योग्यच आहे, कारण त्या यादीत आपल्या बापजाद्यांची कुदळ आहे. समारोपाच्या दिवशी खिरीचे पातेले मात्र बहुधा भगिनींच्याच हाती असते, आणि त्या दिवसाचे वाचन त्यांच्यापर्यंत भांड्यांच्या आवाजातून पोहोचेल तेवढेच पोहोचते. येत्या वर्षावासात या वाचनाला जोडून एक दिवस मुत्ता थेरीच्या गाथेला आणि 'जिणं आमुचं'मधील सुनांच्या प्रकरणाला द्यावा, असे सुचवावेसे वाटते. वाचन भगिनींनी करावे, अर्थही त्यांनीच सांगावा. त्या वेळी खीर ढवळण्याचे आणि नंतर पातेली घासण्याचे काम उपासक बांधवांनी अंगावर घ्यावे. समीक्षकाने हे सुचविणे आपल्या मर्यादेबाहेरचे आहे, असे काहींना वाटेल. परंतु मुत्तेची गाथा जेथून निघाली तेथेच ती तपासून पाहावी लागते, आणि ती निघाली आहे उखळापासून.